सावकाराकडं जायच्या आधी एक वही घ्या, आणि गेलाच असाल तर आजच घ्या

आधीच सांगतो, मी वकील नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांची जीएसटीची आणि पगाराची कामं बघतो, आणि गल्लीत "अकाउंटवाला" म्हणून नाव पडल्यामुळं रविवारी सकाळी चहा संपायच्या आत कुणीतरी पिशवीत कागद घेऊन दारात उभं असतंय. पूर्वी लाईट बिलं आणि पीएफचे फॉर्म यायचे, आता जास्त करून कर्जाचंच असतंय, कुणी सावकाराचं, कुणी गटाचं, कुणाला मोबाईलवरच्या ॲपनं धरलेलं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकूलालोय.

आमच्या गल्लीतली एक अक्का आहे, विडी कामगार. मांडीवर सूप, हातात तेंदूपत्ता, बोलताना बोटं थांबत नाहीत. तिला विचारलं, अक्का किती घेतलेलं? तीस हजार. आणि आतापर्यंत दिलं किती? दिले की रे, महिन्याला देतेच की. मग आता राहिलंय किती? तीस हजार. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की जणू पाऊसपाण्याचं बोलूलालीय, आणि मला कळेना की हसावं का रडावं. नवऱ्याच्या ऑपरेशनला घेतलेले, शेकडा १० नं, म्हणजे महिन्याला ३ हजार व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज सावकारानं आधीच कापून २७ हजार हातावर ठेवलेले, आणि कागद म्हणाल तर तिच्याकडं एकही नाही, त्याच्याकडं मात्र तिचे तीन कोरे चेक आणि एक सही केलेला स्टॅम्प पेपर.

तर पहिलं काम वहीचं. लोक पहिल्यांदा विचारतात पोलिसात जाऊ का, वकील बघू का, नगरसेवकाला सांगू का, मी म्हणतो आधी दोन रुपयाचा पेन आणि एक वही घ्या. हा सगळा धंदा एकाच गोष्टीवर चालतो, की हिशोब फक्त त्याच्या डोक्यात नाहीतर त्याच्या डायरीत आहे आणि तुमच्याकडं काहीच नाही. तुमच्याकडं आकडा आला की बोलणं बदलतंय.

आता मागचं आठवायचं कसं, तर अक्काला पण तारखा आठवत नव्हत्या, पण सण आठवत होते. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी दिले, मार्कंडेय रथाच्या वेळी दिले नव्हते म्हणून पुढच्या महिन्यात डबल दिले, पोरीच्या बारावीच्या फॉर्मच्या वेळी तो दारात येऊन ओरडला, त्या दिवशी शेजारची सुद्धा होती. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकेक खूण लावत गेलो, दूधवाल्याच्या खुणांच्या शेजारीच हिनं पेन्सिलीनं छोटे गोल केलेले निघाले, तिला स्वतःलाच आठवत नव्हतं की ते व्याजाचे आहेत. मग मुलाच्या मोबाईलमधली फोनपेची हिस्ट्री काढली, त्यात सात वेळा पैसे गेलेले सापडले, सावकाराच्या नावावर नाही, त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, पण नंबर तोच. बँकेचं पासबुक भरून आणलं की एटीएममधून काढलेले पैसे कुठल्या तारखेला ते दिसतंय. एवढं सगळं वहीत लिहायचं: तारीख, रक्कम, रोख का फोनवर, कुणी नेले, कुठं दिले, त्या वेळी कोण होतं. आठवत नसेल तिथं "अंदाजे" लिहा, खोटं ठोकू नका, एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवर पण कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि आजपासून पुढं रोख द्यायचं बंद. यूपीआयनं द्या. तो म्हणेल रोखच पाहिजे, तर देताना कुणाला तरी सोबत घ्या आणि लगेच त्याला व्हॉट्सॲप टाका, "आज ३ हजार दिले, ऑगस्टचं व्याज". तो काही बोलला नाही तरी निळी टिक पडतीच की.

मग गणित. ह्या सोलापूरच्या मातीत "टक्का" म्हणजे महिन्याचा टक्का धरतात आणि तिथंच माणूस फसतो, कारण बँकवाला म्हणतो १२ टक्के, सावकार म्हणतो १० टक्के, ऐकणाऱ्याला सावकार स्वस्त वाटतो. बँकेचे १२ वर्षाचे आहेत, सावकाराचे १० महिन्याचे, म्हणजे वर्षाला १२०. अक्कानं २२ महिने ३ हजार भरले, ६६ हजार झाले, आणि मुद्दल जागेवरून हललं नाही. मी तिला दुसरा हिशोब करून दाखवला. हातात आले २७ हजार. कायद्यानं परवानाधारक सावकाराला विनातारण कर्जावर जास्तीत जास्त जेवढं व्याज घेता येतं, म्हणजे वर्षाला १८ टक्के, ते लावलं आणि हेच ३ हजार महिन्याला भरले असते, तर दहाव्या महिन्यात सगळं कर्ज फिटलं असतं. उरलेले १२ महिने ती फुकट भरूलाली. हे ऐकून तिचे हात पहिल्यांदा थांबले.

डेली कलेक्शनवाल्याचं पण असंच. मंगळवार बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना विचारा. १० हजाराचं कर्ज, हातात ८,५००, रोज १०० रुपये, १०० दिवस. वाटतं काय, दीड हजारच तर जास्त गेले. पण पैसे रोज परत जातात ना, पूर्ण ८,५०० तुमच्याकडं शंभर दिवस राहतच नाहीत, त्यामुळं खरा दर निघतो वर्षाला १२० टक्क्याच्या आसपास. शंभर रुपये रोजचे म्हणून कुणाला जाणवत नाही, आणि एक दिवस धंदा झाला नाही की दंड वेगळा, तो तर हिशोबात धरलेलाच नाही.

फ्लॅट रेट हा अजून एक. एजंट म्हणतो "फक्त १२ टक्के फ्लॅट ताई". ५० हजार दोन वर्षाला घेतले तर १२ हजार व्याज, हप्ता २,५८३. पण मुद्दल दर महिन्याला कमी होतंय आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारावर लावलंय, तर खरा दर साडेएकवीस टक्क्याच्या पुढं जातो. म्हणून विचारताना "व्याज किती" असं विचारूच नका, विचारा "हातात किती येणार, एकूण किती परत करायचे आणि किती महिन्यात". तीन आकडे. हे तीन आकडे जो सरळ सांगत नाही त्याच्यापुढून उठायचं.

आता समोरचा कोण आहे ते ओळखा, कारण तक्रारीचं ऑफिस त्यावर ठरतंय. लोक इथंच चुकतात आणि सगळीकडं एकच अर्ज घेऊन फिरतात.

जर माणूस सावकार असेल, म्हणजे बँक नाही, कंपनी नाही, पतसंस्था नाही, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. ह्याच्या आधी १९४६ चा जुना मुंबईचा कायदा होता. नव्या कायद्यात सावकारीला परवाना लागतोच, परवाना कुठल्या भागासाठी आहे ते पण ठरलेलं असतंय, आणि बिगर परवाना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्याजाचे दर सरकारनं २०१४ लाच ठरवून दिलेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९, विनातारण १२, आणि बाकीच्यांना तारणावर १५, विनातारण १८. परत सांगतो, वर्षाला. चक्रवाढ व्याज घ्यायचंच नाही. कोऱ्या कागदावर किंवा आकडा न घालता वचनचिठ्ठीवर सही घेणं हा पण गुन्हा आहे. आणि ज्याच्याकडं परवाना नाही त्याला कोर्टात जाऊन वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही, हे तो तुम्हाला कधीच सांगणार नाही, उलट "कोर्टात खेचीन" म्हणून तोच ओरडतो.

एक मात्र प्रामाणिकपणे बघा. मेव्हण्यानं अडचणीत बिनव्याजी हातउसने दिले आणि आता परत मागूलालाय तर तो सावकार होत नाही. असे पण लोक आलेत माझ्याकडं, पैसे बुडवायचेत म्हणून "अवैध सावकारी" लिहून द्या म्हणणारे. त्यांना मी चहा देऊन परत पाठवतो.

सावकारीची तक्रार पोलिसात तर करता येतीच, पण खरं ऑफिस सहकार खात्याचं. बऱ्याच लोकांना हे माहितीच नसतंय, त्यांना वाटतं सहकार खातं म्हणजे साखर कारखाने आणि सोसायट्या. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हेच जिल्ह्याचे सावकारांचे निबंधक असतात, आणि तालुक्याला सहायक निबंधकाचं ऑफिस असतंय, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठलाही तालुका घ्या. पहिलं काम म्हणजे तिथं जाऊन विचारायचं की ह्या नावाच्या माणसाकडं परवाना आहे का, आणि ते तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, मी एकदा उठलो होतो, दोन महिन्यांनी गेलो तर "असा अर्जच आलेला नाही".

तक्रार अर्ज कसा लिहायचा तर रडगाणं नको, क्रमानं लिहा. मी अमुक, कामधंदा अमुक, ह्या तारखेला ह्या माणसाकडून इतके घेतले, हातात इतके आले, व्याज महिन्याला इतकं ठरलं, आजपर्यंत इतके दिले, यादी सोबत जोडली आहे (ती वहीच, झेरॉक्स मारून), त्याच्याकडं माझे इतके कोरे चेक आहेत, बँक अमुक, नंबर अमुक ते अमुक. शेवटी काय पाहिजे ते लिहा: परवान्याची चौकशी, कागदपत्रं जप्त करून परत मिळावीत, कायद्यानं कारवाई. सोबत आधार, पासबुकची पानं, फोनपेचे स्क्रीनशॉट, धमकीचं रेकॉर्डिंग असेल तर पेनड्राइव्हवर, आणि साक्षीदाराचं नाव, पण त्याला विचारून टाका, न विचारता टाकलं तर तो ऐन वेळी फिरतो. अर्जात दम आहे असं वाटलं तर निबंधकांना झडती घ्यायचा अधिकार आहे, पोलीस घेऊन जातात आणि घरातल्या डायऱ्या, चेक, खरेदीखतं उचलून आणतात. मग सुनावणीच्या तारखा लागतात. तारखेला जायचंच, मजुरी बुडाली तरी.

आणि धमकी, मारहाण, घरात घुसणं, गाडी ओढून नेणं हे झालं तर थांबायचं नाही, लगेच ११२ लावा. शहरात असाल तर पोलीस ठाणे, तिथं घेत नसतील तर पोलीस आयुक्तालयात लेखी, गावाकडं असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडं. खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येते आणि धमकी ३५१ मध्ये, ठाण्यात "हे तुमचं आपसातलं पैशाचं मॅटर आहे" असं ऐकायला मिळालं तर हे दोन नंबर अर्जात लिहून द्या.

चेकचं वेगळं सांगतो कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच. मी स्वतः एकदा मित्राला जामीन राहून दोन कोरे चेक दिलेले, तेव्हा पंचवीस वर्षाचा होतो आणि दोस्ती म्हणजे सगळं वाटायचं, वर्षभर झोप नव्हती, म्हणून हे मनापासून लिहूलालोय. बँकेत जाऊन त्या नंबरांचं पेमेंट थांबवा असं लेखी देता येतं, पण नुसतं तेवढ्यावर निवांत बसू नका, तरीसुद्धा कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस लागू शकते. म्हणून चेक कोरे होते, सावकारीच्या तारणाला दिलेले होते, हे आधीच निबंधकाकडं आणि पोलिसात लिहून ठेवलेलं पाहिजे, नंबरासकट. चेक परत गेला की समोरचा ३० दिवसाच्या आत नोटीस पाठवतो आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला तुमच्याकडं १५ दिवस असतात. पोस्टमन नोटीस घेऊन आला की लोक दार लावून घेतात, का तर घेतली नाही म्हणजे केस होत नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतंय. होते बे केस, आणि तुमची बाजू न सांगताच होते. घ्या ती नोटीस, आणि वकिलाकडून उत्तर द्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणाल तर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना, अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत असेल तर. फोन नंबर १५१००.

जमिनीचं प्रकरण गावाकडं जास्त. सावकार म्हणतो, "नुसतं नावाला खरेदीखत करून दे, पैसे दिले की उलटून देतो." रजिस्टर ऑफिसात जाऊन पक्कं खरेदीखत होतं, सातबाऱ्यावर नाव चढतं, आणि पैसे घेऊन गेलं की तो म्हणतो कसलं कर्ज, मी जमीन विकत घेतलीय. हे जर झालं असेल तर हातपाय गाळू नका. सावकारी व्यवहारातच जमीन गेलीय हे दाखवता आलं तर जिल्हा उपनिबंधक ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत करायचा आदेश देऊ शकतात, मागच्या १५ वर्षांतले व्यवहार त्यात घेता येतात. दाखवायचं कसं? जमिनीचा ताबा अजून तुमच्याकडंच आहे का, लाईट बिल कुणाच्या नावावर, ऊस कुणाच्या नावावर कारखान्याला गेला, खरेदीची किंमत त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा किती कमी, खरेदीनंतर सुद्धा तुम्ही त्याला दर महिन्याला पैसे पाठवूलालाव का. जमीन विकलेला माणूस घेणाऱ्याला हप्ते कशाला पाठवेल? हा प्रश्न सुनावणीत भारी पडतो. निकाल विरोधात गेला तर पुण्याला विभागीय सहनिबंधकांकडं अपील आहे, त्याची मुदत थोडी असते, निकालाची कॉपी मिळाली की लगेच पळायचं.

गटाच्या कर्जाकडं येतो. इथं लोक बचत गट आणि फायनान्सचा गट एकच समजतात, दोन्हीत बाया गोल करून बसतात म्हणून. बचत गटात पैसे तुमचेच साठलेले असतात आणि बँक त्यावर देते. फायनान्सच्या गटात कंपनी देते आणि एकीनं भरलं नाही की बाकीच्यांना बसवून ठेवतात, वसुली शेजारणीकडून करून घेतात. विडी घरकुलात, नीलम नगरात बघा, एकेका घरात सोमवारी एका कंपनीचा साहेब, बुधवारी दुसऱ्याचा, शुक्रवारी तिसऱ्याचा, आणि सोमवारचा हप्ता भरायला बुधवारचं कर्ज.

ह्या कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, २०२२ च्या मार्चमध्ये आलेले, आणि ते साहेबाला पाठ असतात पण तो सांगत नाही. सगळी कर्जं मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ता होता कामा नये. मुदतीच्या आधी कर्ज फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड तुम्हाला कळेल अशा भाषेत पाहिजे. विमा नाहीतर मिक्सर, सोलर दिवा असलं काही गळ्यात मारता येत नाही, घ्यायचं का नाही ते तुमच्या मर्जीवर. वसुली ठरलेल्या जागी, घरी किंवा कामावर यायचं तर तुम्ही लागोपाठ दोन वेळा ठरलेल्या जागी गेला नसाल तरच. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. शिव्या, धमकी, नातेवाईकांना त्रास, नाव जाहीर करणं, काहीच चालत नाही. रात्री नऊला दारात ठिय्या मारून बसलेल्या पोराला "वेळ लिहून सही कर" म्हणून वही पुढं केली की तो उठतो, आमच्या गल्लीत हे दोनदा झालंय. त्या पोराचा पण राग करू नका फार, त्याला वरून टार्गेट असतंय, बिचारा आपल्याच अक्कलकोट नाहीतर मोहोळकडचा असतो.

एक चूक मात्र बायांनी करू नका. "तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरते" ह्याला हो म्हणायचं नाही, जाऊबाई असली तरी. कागदावर ज्याचं नाव त्याचं कर्ज. आणि आपल्या नावावर नेमकं काय काय चढलंय बघायचं असेल तर क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून फुकट मिळतो, पोरांना सांगा मोबाईलवर काढून द्यायला. एका मावशीच्या रिपोर्टमध्ये तिनं न घेतलेलं कर्ज निघालं, आधारची झेरॉक्स कधीतरी गटाच्या मिटिंगमध्ये दिली होती म्हणाली.

कंपनीची तक्रार आधी कंपनीकडंच लेखी करायची, ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, ऑनलाईन सीएमएस पोर्टलवर, फुकट आहे, माहितीसाठी नंबर १४४४८. निबंधकाच्या ऑफिसात ह्यासाठी गेलात तर ते परत पाठवणार, कारण ते त्यांच्याकडं येतच नाही.

मोबाईल ॲपवाल्यांचं थोडक्यात. ५ हजार म्हणायचं, ३,२०० खात्यात टाकायचे, सात दिवसात ५ हजार मागायचे, आणि नाही दिले की फोनमधल्या सगळ्या नंबरांना घाणेरडे फोटो चिकटवून पाठवायचे. नियम असा आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग बघायचाच नाही, पैसे बँकेच्या किंवा रजिस्टर कंपनीच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि आधी एक पत्रक दिलं पाहिजे ज्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. ॲप इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्टची परवानगी मागितली की तिथंच काढून टाका. कुठलं ॲप कुठल्या कंपनीचं ते रिझर्व्ह बँकेच्या साईटवरच्या यादीत बघता येतं. अडकलाच असाल तर ॲप काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा, आणि घरच्यांना, मित्रांना तुम्हीच आधी मेसेज टाका की असा असा फोटो येईल, खोटा आहे. लाज वाटते म्हणून पोरं हे करत नाहीत आणि एका कर्जासाठी दुसरं ॲप, दुसऱ्यासाठी तिसरं करत जातात. फोटो पोचायच्या आधी तुमचा मेसेज पोचला की त्यांच्या हातात काही राहत नाही.

आणि घ्यायच्या आधी. माझ्याकडं आलेल्या कागदांत जास्त करून सुरुवात दवाखान्यापासून झालेली असती. म्हणून ऑपरेशनचा खर्च सांगितला की सावकाराकडं पळायच्या आधी दवाखान्यात आरोग्यमित्र कोण आहे ते विचारा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार बसतात, दवाखाना त्या यादीत नसेल तर यादीतला कुठला ते तोच सांगतो. अक्काच्या नवऱ्याचं ऑपरेशन त्यात बसलं असतं का, ते आता काढून उपयोग नाही म्हणून मी काढलंच नाही. हातगाडी, भाजीवाल्यांना पीएम स्वनिधी आहे, पहिला टप्पा आता १५ हजाराचा, महापालिकेत अर्ज. धंद्याला मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारापर्यंत विनातारण, बँकेवाला पहिल्यांदा नाहीच म्हणतो, लेखी नकार मागा, बघा सूर बदलतो का. सोनं असेल तर ते बँकेत नाहीतर बऱ्या पतसंस्थेत ठेवा, बोळातल्या दुकानात नको, आणि पावतीवर वजन ग्रॅममध्ये लिहिल्याशिवाय हातातून सोडू नका. विडीवाल्या बायांचा पीएफ असतोय, आजारपणासाठी त्यातून पैसे काढता येतात, ते विसरूनच गेलेल्या असतात.

अक्काचं काय झालं विचाराल. अर्ज दिला, आवक नंबर घेतला, तीन आठवड्यांनी चौकशीचं पत्र सावकाराला गेलं. ज्या दिवशी गेलं त्याच संध्याकाळी तो गल्लीत आला, पण ह्या वेळी आवाज न चढवता, चप्पल बाहेर काढून. म्हणाला मिटवून टाकू. मी अक्काला आधीच सांगून ठेवलेलं की तोंडी काही मिटत नाही, स्टॅम्प पेपर परत, चेक परत, आणि "काही येणं बाकी नाही" असं त्याच्या सहीनं लिहून, दोन साक्षीदार, आणि तोपर्यंत अर्ज मागं घ्यायचा नाही. जास्तीचे गेलेले पैसे काही परत आले नाहीत. स्टॅम्प पेपर आला, तो तिनं चुलीत घालायला घेतला होता, ओढून घेतला हातातून आणि वहीत चिकटवला. चेक दोनच आले. तिसरा सापडत नाही म्हणाला, म्हणून त्या नंबराचं बँकेत लिहून दिलंय, निबंधकाच्या ऑफिसात पण दिलंय, आणि पुढची तारीख सोमवारची आहे.